शरणपूरची लिहिती पोरं

नाशिकमध्ये रिक्षात बसून ‘शरणपूर रोड’ म्हटलं की रिक्षावाल्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “कुठं उतरायचं? कॅनडा कॉर्नर, तिबेटियन मार्केट, का महापालिका?” रस्ता इतका लांबला आणि इतका गजबजला, की तो ज्या गावाकडे जायचा ते गाव त्याच्याच पोटात गेलं. आता शरणपूर पत्त्यात उरलंय, सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात उरलंय आणि इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांच्या बोलण्यात उरलंय.

या स्मरणिकेसाठी शरणपूरच्या संस्थेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी पनवेल तालुक्यातल्या नेऱ्याचा. गाढी नदीच्या काठचा माणूस गोदावरीच्या काठचा इतिहास काय सांगणार? संपादक म्हणाले, “म्हणूनच तुम्ही लिहा. नाशिककरानं लिहिलं की दुसऱ्या पानावर कुंभमेळा येतो.” म्हणून कुंभमेळ्याला बगल देऊन सुरुवात करतो. पण नेऱ्याला बगल देता येणार नाही, कारण तिथल्या दोन गोष्टी मला शरणपूर समजून घ्यायला उपयोगी पडल्या.

आमच्या नेऱ्याला शांतिवन आहे, कुष्ठरोग निवारण समितीचं. ज्यांना घर, गाव, जात सगळ्यांनी बाहेर काढलं त्यांच्यासाठी उभी राहिलेली वसाहत. माणसाला औषध एक वेळ दवाखान्यात मिळतं, पण राहायचं कुठे, खायचं काय, पोरं शाळेत कुठे घालायची, हे प्रश्न सुटल्याशिवाय त्या औषधाला अर्थ नाही, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. दुसरी गोष्ट जंजिऱ्याची. रायगड जिल्ह्यातल्या पोराला ‘हबशी’ म्हटलं की मुरुडचा किल्ला आठवतो आणि सिद्दी आठवतात. तोफा, तट, आरमार. थोडं वाचलेल्याला मलिक अंबर आठवतो, इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला आणि शेवटी निजामशाहीचा कारभार हाकणारा. पण एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतली पोरं नाशिकला आली, पाटीवर अक्षरं गिरवून मोठी झाली आणि परत गेली, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. शाळेच्या पुस्तकात लिव्हिंग्स्टन होता, नाशिक नव्हतं.

आधी थोडं मिशनबद्दल. ज्याला बाहेरच्या देशांत एपिस्कोपल म्हणतात, म्हणजे बिशपच्या देखरेखीखालचं, त्याला आपल्याकडे अँग्लिकन किंवा नुसतं ‘चर्च ऑफ इंग्लंडचं मिशन’ म्हणत. मुंबईला पहिले बिशप टॉमस कार १८३७ मध्ये नेमले गेले. त्याही आधी, १८१५ मध्ये, आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढली होती. तिचीच शाळा पुढे भायखळ्याहून देवळालीला आली आणि १९२५ पासून बार्न्स स्कूल म्हणून चालू आहे. मुंबईची कॅथीड्रल, पुण्याची बिशप्स आणि सेंट मेरीज या शाळा १८६० ते १८६६ या सहा-सात वर्षांतल्या. या शाळांच्या स्मरणिका जाडजूड निघतात. क्रिकेटच्या संघांचे फोटो, ‘हाउस’ची नावं, लष्करात आणि कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर गेलेले विद्यार्थी. तिथे शिकायला मुख्यतः साहेबांची आणि अँग्लो-इंडियन घरांतली मुलं असत. त्याच बिशपच्या छत्राखाली, त्याच काळात, शरणपूरच्या शाळेत आलेल्या मुलांना स्वतःचं गाव सांगता येत नव्हतं, आणि कित्येकांना आईबापांची नावंही.

चर्च मिशनरी सोसायटी (सी.एम.एस.) लंडनमध्ये १७९९ साली स्थापन झाली, १८२० मध्ये मुंबईत आली आणि १८३२ मध्ये नाशिकला. पहिल्या फळीतले रेव्हरंड फॅरर इथे काम करत होते. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा फ्रेडरिक विल्यम फॅरर पुढे कँटरबरीचा डीन झाला, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतल्या गाजलेल्या शालेय कादंबऱ्यांपैकी ‘एरिक’ त्याचीच. नाशिकच्या मिशनऱ्याच्या मुलाने इंग्लंडच्या वसतिगृहातल्या पोरांवर कादंबरी लिहिली. शरणपूरच्या पोरांवर कादंबरी कुणीच लिहिली नाही.

पंचवटीसमोर उभं राहून नव्या धर्माची गोष्ट सांगणं सोपं नव्हतं. त्याहून अवघड होतं ते ऐकणाऱ्याचं. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला घरात जागा राहत नसे, पाणवठा बंद, बलुतं बंद, लग्नाची बोलणी बंद. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस नाशिकला आले आणि त्यांनी १८५४ मध्ये शहराच्या पश्चिमेला वेगळी वसाहत बसवायला घेतली ती या अडचणीवरचा उपाय म्हणून. नाव ठेवलं शरणपूर, आसऱ्याला आलेल्यांचं गाव. मराठीत ‘शरण’ शब्दाला दोन अंगं आहेत. एक हरलेल्याचं, एक विश्वासाने आलेल्याचं. प्राइससाहेबांच्या मनात दुसरं होतं हे उघड आहे. येणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनात पहिलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

गावात चर्च, शाळा, अनाथ मुलामुलींचं वसतिगृह, शेती आणि कामशाळा. कामशाळेला इथल्या इतिहासात चर्चइतकीच जागा द्यायला हवी. बलुत्यातून बाहेर पडलेल्या माणसाने पोट कशावर भरायचं? मिशनच्या पगारावर किती जणांनी आणि किती दिवस? म्हणून सुतारकाम, लोहारकाम. आमच्याकडे आजही लोहाराच्या हाताखाली राहिलेला पोरगा आधी महिनोन्‌महिने भाता ओढतो, मग सांडशी धरतो, आणि तापलेल्या लोखंडाचा रंग बघून घाव कधी घालायचा हे डोळ्याला कळायला लागलं की मगच हातोडा मिळतो. सुताराकडे तेच. रंधा नंतर, आधी पटाशीला धार. हे शिक्षण पाटीवरच्या शिक्षणापेक्षा कमी दर्जाचं नाही, असं शरणपूरने आपल्या मुलांना दीडशे वर्षांपूर्वी सांगितलं. अर्थात त्यामागे निव्वळ उदात्त विचार होता असं मी म्हणणार नाही. देशी ख्रिस्ती माणसाने हाताने काम करावं आणि अधिकार साहेबाकडे असावेत, हाही त्या काळच्या मिशनचा हिशेब होता. पुढे त्याच हिशेबावरून कटकटी झाल्या, त्या येतीलच.

आता आफ्रिकेकडे. न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांतून पकडलेली माणसं किनाऱ्यावर चालवत आणायची, किल्व्यातून झांजिबारच्या बाजारात न्यायची आणि गलबतांतून अरबस्तान-इराणकडे पाठवायची, हा धंदा त्या काळात जोरात होता. ब्रिटिश आरमाराच्या बोटी समुद्रात ही गलबतं पकडत. पकडल्यावर प्रश्न पडायचा की सोडवलेल्यांचं करायचं काय. परत पाठवलं तर पुन्हा पकडले जाणार. त्यात पोरं पुष्कळ. काहींना एडनला उतरवलं, काहींना सेशेल्स-मॉरिशसला आणि काहींना मुंबईला. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामीला कायद्याचा आधार उरला नव्हता, म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर उतरलेलं पोर कागदोपत्री मोकळं. पण सात-आठ वर्षांचं मोकळं पोर मुंबईत जाणार कुठे?

मुंबईत सी.एम.एस.चे कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग होते. ते आधी इथिओपियात होते, तिथून घालवून दिलेले, त्यामुळे आफ्रिकेची ओढ त्यांच्यात शिल्लक होती. ते आणि प्राइस यांच्या खटपटीतून १८६० च्या सुमाराला या मुलांची सोय शरणपूरला झाली. त्याला ‘आफ्रिकन असायलम’ म्हणत. ‘असायलम’ म्हणजे आसरा, म्हणजे पुन्हा शरण. गावाचं नाव सहा वर्षं आधी ठेवलेलं होतं. नाव आधी आणि माणसं मागून, असं क्वचितच घडतं.

त्या वसतिगृहाचं रोजचं चित्र मला सगळं दिसतं असं मी म्हणत नाही. पण एवढं सांगता येतं. मुलांमध्ये याओ होते, इतरही जमातींचे होते, त्यांच्या भाषा वेगवेगळ्या. शिक्षण मराठीत आणि इंग्रजीत. शेजारच्या बाकावर नाशिक-अहमदनगरकडची अनाथ मराठी मुलं. सहा महिन्यांत या दोघांची जी सामायिक भाषा झाली असेल ती मराठी, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. कुठल्याही वसतिगृहात नव्या पोराला आधी शिव्या येतात, मग खेळातले शब्द, आणि प्रार्थना सर्वांत शेवटी.

नावं बदलली गेली. चेंग्विंबे नावाचा याओ मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. कुणी प्राइस झालं, कुणी इझेनबर्ग, कुणी फॅरर. म्हणजे मिशनऱ्यांची आडनावं पोरांना चिकटली. दोघांचं आडनाव ‘रटन’ होतं. सी.एम.एस.मध्ये त्याच काळात रतनजी नौरोजी नावाचे पारशी घरातून ख्रिस्ती झालेले पाळक होते, तेव्हा ते आडनाव तिकडून आलं असावं, असा माझा आपला अंदाज. खरा असेल तर न्यासाच्या काठच्या मुलाने पारशी नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये लावून नाशिकात बाप्तिस्मा घेतला, असं होतं. या नामकरणाला आज आपण नाक मुरडतो आणि ते बरोबरच आहे. पण मुलाचं आधीचं नाव पुसायची सुरुवात गलबतावर झाली होती, शरणपूरमध्ये नाही, एवढं लक्षात ठेवावं.

१८६४ मध्ये शरणपूरचे पहिले तीन आफ्रिकन परत गेले: जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर. मोंबासाजवळच्या रबाईला योहानेस रेबमान हे जर्मन मिशनरी जवळजवळ एकटेच होते, त्यांच्या मदतीला. पुढच्या वर्षी आफ्रिकेचा शोध घेत हिंडणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन स्वतः नाशिकला आला. त्याला नाईल नदीच्या उगमाच्या शोधासाठी माणसं हवी होती. आफ्रिकेतली भाषा कळणारी, इंग्रजी कळणारी, सुतार-लोहाराचं काम येणारी माणसं आणखी कुठे मिळणार? शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. ५ जानेवारी १८६६ ला ‘थुले’ नावाची बोट मुंबईहून झांजिबारला सुटली, तिच्यावर हे नऊजण आणि मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई होते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो आमच्या नाशिकच्या मित्रांच्या भाषणांत दरवेळी येतो. लिव्हिंग्स्टनचा सुप्रसिद्ध सेवक चुमा शरणपूरचा नव्हे. चुमाला लिव्हिंग्स्टनने स्वतः मुंबईत आणून डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं, म्हणजे स्कॉटिश फ्री चर्चकडे. त्याचा जोडीदार सूसी तर मुंबईच्या गोदीत काम करत होता. ‘नासिक बॉइज’ या इंग्रजी शब्दात पुढे सगळेच गुंडाळले गेले. आपल्या संस्थेच्या खात्यात दुसऱ्याची ठेव जमा दाखवू नये.

आणि आपली ठेवही सगळी सोन्याची नव्हती. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत नाशिकच्या पोरांबद्दल तक्रारी भरपूर आहेत. आळशी, रेंगाळणारी. रिचर्ड इझेनबर्ग पहिल्याच वर्षी वाटेत वारला. १८६८ मध्ये बांग्वेउलू सरोवराकडे जायची वेळ आली तेव्हा बरीचशी मंडळी अडून बसली. आम्ही येत नाही, म्हणाली. लिव्हिंग्स्टनने त्यावर फार आदळआपट केली नाही. तोही थकला होता, त्यांचं थकणं त्याला कळलं. मला या प्रसंगात शरणपूरच्या शाळेचं अपयश दिसत नाही. लहानपणी ज्यांना साखळीने बांधून चालवलं, त्यांनी मोठेपणी ‘आता पुढे चालणार नाही’ म्हणायचं धाडस केलं, यात शिक्षणाचा काहीतरी हात असेलच.

१८७२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने लिव्हिंग्स्टनच्या शोधाला मदतीची तुकडी उभी केली, तिच्यासाठी आणखी सहा जण निवडले गेले: जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फॅरर आणि दोघे रटन. तुकडी आफ्रिकेत पोचेपर्यंत पत्रकार स्टॅन्ली लिव्हिंग्स्टनला भेटून परत निघाला होता, म्हणून त्याने जी माणसं लिव्हिंग्स्टनकडे धाडली त्यांच्यात हे सहाजण गेले. म्हणजे ज्याला शोधायला निघाले तो सापडल्यावर ते त्याच्या चाकरीत रुजू झाले.

१८७३ च्या एप्रिलअखेर लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावात, आजच्या झांबियात, झोपडीत पडून होता. सकाळ व्हायच्या आत सेवकांना तो बिछान्याशेजारी गुडघ्यांवर, मेलेला आढळला. आता जे घडलं त्यात शरणपूरची शाळा अगदी जवळून दिसते. सूसी आणि चुमा हे तुकडीचे म्होरके. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं, पेट्या उघडल्या आणि जेकब वेनराइटला पुढे बोलावलं, कारण त्याला चांगलं लिहिता येत होतं. पेटीत काय आहे, काय नाही, त्याची यादी त्याने वहीच्या पानांवर उतरवून काढली. घड्याळ, उपकरणं, कागद. उद्या किनाऱ्यावर कुणी साहेब ‘अमुक कुठे गेलं?’ म्हणून विचारणार, हे या माणसांना पक्कं ठाऊक होतं. काळ्या माणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून लेखी. आपल्याकडे मयताच्या घरी पंचनामा लिहायला पोलीसपाटील लागतो, तिथे तो शरणपूरच्या विद्यार्थ्याने लिहिला, त्याचं वय विशीच्या आसपास.

मृतदेहाचं काळीज आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. जेकबने प्रार्थनापुस्तकातली अंत्यविधीची उपासना वाचली. मग झाडाच्या सालीखालच्या लाकडात अक्षरं कोरली. ज्याने सुतारांच्या शाळेत पटाशी हाताळली आहे आणि पाटीवर इंग्रजी अक्षरं गिरवली आहेत, त्याला हे दोन्ही एकदम करता आलं. देह उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि नऊ महिने चालत किनाऱ्यावर बागामोयोला आणला. वाटेत अडचण अशी आली की प्रेत घेऊन जाणाऱ्यांना गावं आत येऊ देईनात, तेव्हा कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून नेलं. वाटेवरच्या उन्यान्येंबेला गोऱ्यांची तुकडी आली आहे असं कळल्यावर तिथे पाठवायचं पत्रही जेकबनेच लिहिलं. कारस फॅररनेही पुढे त्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली. त्या प्रवासाबद्दल जगाला जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग म्होरक्यांनी तोंडी सांगितलेला आहे, आणि जे काळ्या माणसांच्या स्वतःच्या हातचं आहे ते शरणपूरच्या पोरांचं.

१८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीला हात लावणाऱ्यांत स्टॅन्ली होता, लिव्हिंग्स्टनचा जुना सहकारी जॉन कर्क होता आणि जेकब वेनराइट होता. चुमा-सूसी नव्हते. त्यांना नंतर बोलावलं गेलं, कारण जेकबच्या प्रवासाचे पैसे चर्च मिशनरी सोसायटीने भरले होते आणि त्यांच्यासाठी वेळेवर कुणी भरले नाहीत. वाहून आणायचा सगळ्यात मोठा भार ज्यांनी घेतला ते आफ्रिकेत राहिले आणि लिहिणारा ॲबीत गेला. शिक्षणाचा हाही एक परिणाम असतो आणि तो आपल्या संस्थेने अभिमानाच्या रकान्यात डोळे मिटून लिहू नये.

तोवर नाशिकची हवा बदलली होती. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या वाटाघाटींनंतर १८७३ मध्ये झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. आता सोडवलेली माणसं मुंबईला कशाला आणायची, आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर गाव वसवावं, असं ठरलं. वसवायला माणूस कोण? प्राइस. वीस वर्षं शरणपूर चालवल्याचा अनुभव दुसऱ्या कुणाकडे होता? १८७४ च्या अखेरीस ते निघाले, आणि मोंबासा बेटासमोर फ्रिअरटाउन उभं राहिलं. शरणपूरहून सुमारे दीडशे ‘बॉम्बे आफ्रिकन’ तिथे गेले. शिक्षक, सुतार, लोहार, त्यांच्या बायका, त्यांची इथे जन्मलेली मुलं. शरणपूरचं असायलम बंद झालं. फ्रिअरटाउनची मांडणी शरणपूरसारखीच. चर्च, शाळा, कामशाळा, शेतं आणि घंटा. ती घंटा अजून आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांची चाहूल लागली की ती वाजवायचे असं तिथले लोक सांगतात. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात, त्यावरून त्या चौकाचं नाव पडलं केंगेलेनी. मोंबासात गाडीवाल्यांच्या तोंडी ते नाव आपल्या शरणपूर रोडसारखंच असणार. कुणाची घंटा, कुणाचं शरण, उतारूला काय त्याचं.

१८६४ मध्ये परत गेलेल्या जोन्स आणि सेम्लर यांना १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले, बरोबर जोन्स. जोन्सला अर्ध्या वाटेवर माणसांसह थांबवून बिशप पुढे गेले आणि बुसोगात मारले गेले. जोन्स वाट पाहत राहिला. बातमी आल्यावर तो तांडा घेऊन परत फिरला आणि १८८६ च्या फेब्रुवारीत रबाईला आला तेव्हा पुढे निळा बावटा होता, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शिवलेला, ‘इखाबोद’. बायबलमध्ये एका बाळाचं हे नाव आहे, अर्थ: वैभव गेलं. बातमी सांगायला दुसरं काही बोलायची गरजच पडली नाही.

याच जोन्सच्या हाताखाली रबाईला पळून आलेले गुलाम मोठ्या संख्येने वस्तीला राहिले होते. मालक मागायला आले. १८८८ मध्ये तंटा पेटला तेव्हा म्हातारे प्राइस पुन्हा, तिसऱ्यांदा, इंग्लंडहून मोंबासाला गेले. त्यांनी पुढे या फेरीवर पुस्तकच लिहिलं. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझी यांनी मालकांना नुकसानभरपाई दिली आणि १८८९ च्या जानेवारीत सुमारे चौदाशे माणसांना मोकळीकीचे कागद वाटले गेले. ही सगळी माणसं जोन्सने आत घेतली नसती तर कंपनीला पैसे मोजायची वेळच आली नसती. मिशनमधल्या साहेबांना मात्र हे पळपुटे आत घेणं फारसं रुचलं नव्हतं. पगार, मान, चर्चमध्ये बसायची जागा यांवरून बॉम्बे आफ्रिकनांचे आणि गोऱ्या मिशनऱ्यांचे खटके उडत राहिले आणि शतक संपता संपता जोन्स मिशन सोडून बाहेर पडला. शरणपूरने ज्यांना हाताने काम करायला शिकवलं, ते आता हक्काने बोलत होते, आणि त्याची शिकवणी कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हती.

इकडे शरणपूरचं काय झालं? आफ्रिकन गेले, मराठी मुलं राहिली. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये शरणपूर आहे, तेव्हा असायलम आठवणीत जमा झालेलं. १८७६-७७ चा दुष्काळ आणि पुढे शतकाच्या शेवटचा मोठा दुष्काळ यांत महाराष्ट्रभर मिशनच्या अनाथालयांत पोरं भरली. १९२९ मध्ये नाशिकला स्वतंत्र बिशप मिळाले, फिलिप लॉइड, आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन हे नावही कागदोपत्री मागे पडलं. या नव्वद वर्षांत इथे जन्मलेली, शिकलेली, इथल्याच चर्चमध्ये लग्न झालेली माणसं आहेत आणि त्यांची हकीकत त्यांच्या नातवंडांनी लिहावी. या स्मरणिकेत पुढे तसे लेख आहेतच.

तिबेटियन मार्केटचं मला मात्र सांगायचं राहिलं. देश सोडून आलेल्या लोकांचा स्वेटरांचा बाजार नाशिकात याच रस्त्याला लागून भरला. कुणी ठरवून केलेलं नाही हे.

परत गेलेल्यांपैकी जेकब वेनराइट १८९२ मध्ये आफ्रिकेत उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजे चेंग्विंबे, खूप जगला. मोंबासात १९३५ मध्ये वारला तेव्हा लिव्हिंग्स्टनच्या त्या शेवटच्या प्रवासातला हयात असलेला शेवटचा माणूस म्हणून त्याची ओळख होती. चितांबोच्या गावातलं झाड १८९९ मध्ये तोडलं. खोड किडायला लागलं होतं. अक्षरांचा भाग कापून लंडनला नेला, तो रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहे. लिव्हिंग्स्टनचं नाव, खाली तारीख, खाली तीन नावं. बहुतेक पुस्तकांत मृत्यूची तारीख १ मे १८७३ अशी आहे. लाकडावर ४ मे आहे. लिव्हिंग्स्टनची रोजनिशी २७ एप्रिलला संपते, त्यानंतर तारखांचा हिशेब ठेवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा जेकबने त्याच्याकडे असलेल्या हिशेबाने दिवस मोजले आणि पटाशी हातात घेतली. इतिहासकार अजूनही १ मे आणि ४ मे यांवर वाद घालतात. मला विचाराल तर या स्मरणिकेत ४ मेच छापावी.